लसणाची पात जोरात, पण खाली गड्डाच नाही! मदत हवी आहे

मंडळी, किराण्यातल्या लसणाच्या पाकळ्या सुट्या करून कुंडीत लावल्या होत्या. साल न काढता, टोक वर, चपटं बूड खाली, दोन पेरं खोल. कुंडीला ऊन भरपूर, पाणी साचत नाही.

पात हिरवीगार, तजेलदार आली. खालची पानं पिवळी पडू लागली म्हणून एक रोप उपटलं, तर खाली छोट्या कांद्यासारखा एकसंध गोळा! वर पातळ पांढरं साल, आत पाकळ्यांचा पत्ता नाही. वास मात्र अस्सल लसणाचा. खत कमी पडलं का? की अजून थांबायला हवं होतं?

दुसऱ्या कुंडीत वेगळ्या खेपेचा लसूण लावला, तो उगवलाच नाही. एक पाकळी उकरून उभी चिरली. कुजलेली नव्हती, टणक होती. पण आतला कोंब तपकिरी पडून जागच्या जागी अडकलेला. मुळं शून्य. हे काय प्रकरण आहे?

प्रतिसाद १
खताचा दोष नाही, थंडी कमी पडली. पाकळ्या सुटायला लसणाला आधी काही आठवडे साधारण १० अंश सेल्सिअसच्या खालचं तापमान लागतं आणि नंतर मोठा होत जाणारा दिवस. जातीप्रमाणे कमीजास्त होतं, पण थंडी मिळालीच नाही तर असा एकपाकळी गोळा तयार होतो. तो फेकू नका. नीट वाळवून पुढच्या हंगामात लावलात आणि तेव्हा थंडी मिळाली, तर त्यातूनच पाकळ्यांचा गड्डा येतो.

खत वाढवायच्या फंदात तर पडूच नका. गड्डा धरायच्या वेळी नत्र जास्त झालं की नुसती पात माजते.

प्रतिसाद २
न उगवलेल्या लसणावर बहुतेक कोंब रोखायची प्रक्रिया झालेली असावी. काही ठिकाणी काढणीआधी उभ्या पिकावर मॅलिक हायड्राझाइड फवारतात, काही ठिकाणी साठवणीआधी गॅमा किरणांचा मारा देतात. खायला काही अडचण नसते, पण लावायला असा लसूण कुचकामी. फवारलेलं औषध आत मुरलेलं असतं, धुऊन जात नाही. घरात आपणहून कोंब फुटलेला लसूणच लावायला घ्यावा, त्यातल्याही बाहेरच्या जाड पाकळ्या.

आणि हा लसूण कुंडीतच ठेवा, वाफ्यात नको. खायच्या लसणाबरोबर पांढरी कूज आली, तर ती बुरशी मातीत वीस-वीस वर्षं ठाण मांडून बसते.

धागाकर्ता
दोघांचेही आभार, कोडं सुटलं. मग फ्रिजमध्ये ठेवून थंडी देता येईल का?

प्रतिसाद १
येते की! पाकळ्या सुट्या न करता अख्खा गड्डा कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सहा ते आठ आठवडे ठेवा. प्लॅस्टिकची पिशवी नको, दमट होऊन बुरशी धरते. फ्रीझरमध्ये तर अजिबात नको. बाहेर काढलात की लगेच लावा. उष्ण जागी पडून राहिला तर थंडीचा परिणाम ओसरतो. आणि हे सगळं अशा बेताने करा, की लावणीच्या वेळी दिवस लहान असेल आणि पुढे वाढत जाईल.

उरलेली रोपं एवढ्यात उपटू नका. पात निम्मी पिवळी झाली की पाणी तोडा, मग काढा.