मदत हवी आहे: सांडपाणी नदीत नेमकं कुठून शिरतंय, हे कसं शोधायचं?

काठावरची:

नदीचा सहा किलोमीटरचा पट्टा, चार ठिकाणं (वरून खाली अ, ब, क, ड), चौदा स्वयंसेवक, दर रविवारी मोजणी. साधनं: विरघळलेल्या प्राणवायूचा मीटर (टोकाला पातळ पडदा असतो तो जुना प्रकार), वाहकतेचा मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार किती ते दाखवणारा), पीएचच्या पट्ट्या, तापमापी. सध्या उन्हाळा, प्रवाह कमी. मागच्या रविवारच्या नोंदी:

वाहकता (मायक्रोसीमेन्स प्रति सेंमी): अ ३१०, ब ३०५, क ५२०, ड ४६०.
प्राणवायू (मि.ग्रॅ. प्रति लिटर): अ ७.१, ब ७.३, क ११.२, ड ४.०.
पाणी सगळीकडे साधारण २८ अंश.

क दुपारी तीनला मोजलं, ड सकाळी साडेसहाला. माणसं जशी मिळाली तशी वेळ ठरली. ब आणि क यांच्या मध्ये डाव्या काठाने एक नाला मिळतो. नाल्याची वाहकता ११००, प्रवाह सेकंदाला सुमारे २० लिटर. ब पाशी नदी सेकंदाला सुमारे १८० लिटर. क आणि ड यांच्यामध्ये एक स्वच्छ ओढा मिळतो.

१) क ला वास आहे, पाणी हिरवट आहे, तरी प्राणवायू तिथेच सगळ्यात जास्त. मीटर बिघडलाय का?
२) दोष त्या नाल्याचा, असं म्हणून मोकळं व्हायचं का?
३) हे आकडे कार्यालयात नेले की "स्वयंसेवकांचं मोजमाप ग्राह्य नाही" हे ठरलेलं उत्तर. ते ग्राह्य कसं करायचं?

---

हिरवं_पाणी:

मीटर बहुधा ठीक आहे, घड्याळ चुकलंय. २८ अंशांना पाण्यात हवेतून जास्तीत जास्त ७.८ च्या आसपास प्राणवायू मावतो. तुमचा ११.२ म्हणजे १४० टक्क्यांच्या वर. एवढा हवेतून येत नाही, तो शेवाळ बनवतं. सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद खाऊन शेवाळ माजतं, उन्हात प्राणवायू सोडतं आणि रात्रभर तोच ओढून घेतं. अशा पाण्यात नीचांक येतो सूर्य उगवायच्या जरा आधी. मासे मरतात ते पहाटे, आणि दुपारी बघायला जाणाऱ्याला पाणी "उत्तम" दिसतं.

म्हणून चारही ठिकाणं एकाच दिवशी पहाटे, सूर्योदयाच्या आधीच्या तासाभरात मोजा. चार जोड्या, चार ठिकाणं, एकच वेळ. मीटर एकच असेल तर दुसरी वाट आहे: पाणी बाटलीत घेऊन जागेवरच विंकलरची रसायनं घालून प्राणवायू बांधून टाकायचा आणि मोजणी नंतर निवांत करायची. ३०० मि.लि.ची काचेच्या बुचाची बाटली, बुडबुडा न ठेवता भरायची. १ मि.लि. मँगनीज सल्फेट आणि १ मि.लि. अल्कली-आयोडाइड-अझाइड, दोन्ही पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून सोडायचं. बूच लावून उलटसुलट करा. तपकिरी साका आला तर प्राणवायू आहे. पांढराच राहिला तर जवळपास नाहीच, आणि ते कळायला पुढे मोजायचीही गरज नाही. साका खाली बसल्यावर १ मि.लि. तीव्र गंधकाम्ल घाला. मग २०१ मि.लि. घेऊन ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने टायट्रेट करा (रंग जाईपर्यंत थेंब थेंब घाला), रंग फिका पिवळा झाला की स्टार्च. जितके मि.लि. थायोसल्फेट, तितके मि.ग्रॅ. प्रति लिटर. अझाइड विषारी आहे आणि आम्ल भाजतं, त्यामुळे हातमोजे, चष्मा आणि शिकलेला एकच माणूस. मुलांच्या हाती हा भाग देऊ नका.

पडद्याच्या मीटरचा आणखी एक खोडसाळपणा: तो मोजता मोजता प्राणवायू खातो. संथ पाण्यात नुसता धरला तर आकडा हळूहळू उतरत जातो. टोक सतत हलवत राहा, पडद्याखाली बुडबुडा अडकला नाही ना ते बघा, आणि उंचीप्रमाणे कॅलिब्रेशन करा. समुद्रसपाटीपासून दर १०० मीटरला हवेचा दाब साधारण १.२ टक्के कमी होतो.

---

गाळमोजणी:

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. हिशोब करून बघा.

नदी १८० लिटर, वाहकता ३०५. नाला २० लिटर, वाहकता ११००. दोन्ही मिसळल्यावर:
(१८० × ३०५ + २० × ११००) ÷ २०० = सुमारे ३८५.

तुम्हाला मिळाले ५२०. म्हणजे दिसणारा नाला खरा दोषी असला तरी एकटा नाही. ब आणि क यांच्या मध्ये अजून काहीतरी शिरतंय.

हे दुसरं पाणीही नाल्यासारखंच, ११०० च्या आसपासचं असेल, तर ५२० व्हायला ते सेकंदाला सुमारे ४७ लिटर लागेल आणि क पाशी नदी साधारण २४७ लिटर भरेल. क चा प्रवाह तरीही २०० च्याच जवळपास राहिला, तर प्रकार वेगळा: थोडंच पण खूप खारट पाणी. उदाहरणार्थ ५००० वाहकतेचं पाणी असेल तर सेकंदाला ६ लिटर पुरे. पहिला प्रकार घरगुती सांडपाण्याचा वाटतो, दुसरा एखाद्या प्रक्रियेतून निघणाऱ्या पाण्याचा. शोध कुठे घ्यायचा हे त्यावर ठरतं, म्हणून क चा प्रवाह मोजा.

सरळ, सारख्या रुंदीचा १० मीटरचा तुकडा निवडा. अर्धी भरलेली छोटी बाटली सोडा (रिकामी नको, वारा ढकलतो), किमान पाच वेळा, काठाजवळून आणि मधून. सरासरी वेग × ०.८५, कारण पृष्ठभागाचं पाणी तळापेक्षा जास्त पळतं. खोली दर अर्ध्या मीटरला मोजून छेदाचं क्षेत्रफळ काढा. या पद्धतीत १५-२० टक्के चूक सहज होते आणि २०० व २४७ मधला फरक त्याहून फार मोठा नाही. तेव्हा तीन वेगवेगळे दिवस मोजा, एका दिवसावर निकाल लावू नका.

---

दोन्ही_काठ:

वरच्या हिशोबाला एक हरकत. क चा नमुना डाव्या काठावरून घेतला असेल तर हा सगळा हिशोब पाण्यात. नाल्याचं पाणी लगेच मिसळत नाही, आपल्याच काठाला चिकटून लांबवर जातं. संथ, रुंद पात्रात तर रुंदीच्या कित्येक पटींनी. आधी क ला आडव्या रेषेत पाच ठिकाणी वाहकता घ्या. पाचही जवळपास सारखे आले तरच पुढचं गणित.

आणि वाहकतेचा मीटर आकडा २५ अंशांवर आणून दाखवणारा आहे ना? नसेल तर दर अंशाला सुमारे २ टक्के आकडा सरकतो. १४१३ मायक्रोसीमेन्स वाहकतेच्या प्रमाण द्रावणात रोज सकाळी तपासा.

---

नदीमित्र२:

एवढं मोजत बसण्यापेक्षा नाल्याच्या तोंडाशी जीवाणूंचं द्रावण ओता. वास आठवड्यात जातो.

---

गाळमोजणी:

वाहत्या पाण्यात ओतलेलं द्रावण काही तासांत खाली निघून जातं. सांडपाण्यात जीवाणूंची टंचाई कधीच नसते, कमी पडतो तो वेळ आणि प्राणवायू. वास गेला तर उलट नुकसान, माग काढायचा धागाच तुटतो.

---

काठावरची:

दोघांचेही आभार. आज पहाटे क ला आडव्या रेषेत: ५२४, ५१९, ५१६, ५२१, ५१८. म्हणजे मिसळलेलं आहे. प्राणवायू पहाटे १.९ (!). क चा प्रवाह तीनदा काढला: २३५, २५०, २४०. आता ब ते क शोध कसा घ्यायचा? अंतर सव्वा किलोमीटर, उजव्या काठाला दाट झुडूप.

---

गाळमोजणी:

२४० म्हणजे पहिला प्रकार, भरपूर आणि सौम्य. घरगुती सांडपाण्याची शक्यता मोठी.

दोन जोड्या, एक डाव्या काठाने, एक उजव्या. खालून वर चाला, म्हणजे पायाने ढवळलेला गाळ पुढच्या मोजणीत येत नाही. दर ५० मीटरला काठापासून हातभर आत वाहकता आणि तापमान. सव्वा किलोमीटरला एका काठाचे पंचवीस आकडे, दोन तासांचं काम. आकडा एकदम पडला की तुम्ही तोंड ओलांडून वर आलात. तिथून मागे फिरून दर ५ मीटरला मोजा. तापमान विसरू नका: बुडालेला पाइप दिसत नाही, पण त्याचं पाणी नदीपेक्षा एखाददोन अंश वेगळं असतं. वाहकतेची उडी असेल आणि तोंड दिसत नसेल, तर काठच्या जमिनीतून झिरपणंही असू शकतं. फुटलेली वाहिनी किंवा शोषखड्डे.

झुडूप तोडू नका. मुळं काठ धरून ठेवतात. मोजायला जागा हवी म्हणून काठ मोकळा केला की पहिल्या पुरात तो नदीत जातो.

---

कापूसवेचा:

यात एक स्वस्त युक्ती जोडते. कपडे धुण्याच्या बहुतेक पावडरींत कापड पांढरंशुभ्र दिसावं म्हणून चमक देणारी रसायनं असतात. ती कापसाला चिकटतात आणि अतिनील दिव्याखाली निळसर चमकतात. संशयित तोंडाशी तारेच्या जाळीच्या डबीत कापसाची गादी अडकवून ५ ते ७ दिवस ठेवा, मग स्वच्छ पाण्यात धुवून अंधारात वाळवा आणि ३६५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली बघा. चमकली तर धुण्याचं पाणी, म्हणजे घरगुती जोडणी. न चमकणं हा मात्र निर्दोषपणाचा पुरावा नाही, पाणी फार पातळ झालेलं असू शकतं.

फसतं कुठे: बाजारातला बराच कापूस आधीच चमक दिलेला असतो. लावण्यापूर्वी प्रत्येक गादी दिव्याखाली बघा आणि एक कोरी गादी स्वच्छ ओढ्यात लावा, तुलनेला. गादी बसवणाऱ्याचे कपडे, हातमोजेही नीट धुतलेले असले तर तेच चमक देऊन जातात.

---

हिरवं_पाणी:

तोंड सापडलं की अमोनियाही मोजा. त्यातला विषारी भाग पीएच बरोबर झपाट्याने वाढतो: २५ अंशांना पीएच ७ ला एक टक्क्याहूनही कमी, ८ ला सुमारे ५, ९ ला ३५ च्या वर. शेवाळाने दुपारी पीएच चढवला की तोच अमोनिया माशांना बाधतो. तेव्हा अमोनियाला दुपार वाईट, प्राणवायूला पहाट. पीएचच्या पट्ट्या यासाठी कुचकामी आहेत, पीएच ७ आणि १० च्या बफरने (ठरलेल्या पीएचच्या द्रावणाने) तपासलेला मीटर हवा.

---

दोन्ही_काठ:

तिसरा प्रश्न सगळ्यांनी टाळलाय, म्हणून.

"ग्राह्य नाही" हे बऱ्याचदा खरंच असतं. चौदा माणसं चौदा पद्धतींनी मोजतात. आधी एक बादलीची कसोटी घ्या: एकाच बादलीतलं पाणी प्रत्येकाने स्वतंत्र मोजायचं, दुसऱ्याचा आकडा न बघता. वाहकतेत ५ टक्क्यांहून जास्त तफावत आली तर नदीवर जाऊच नका, कुठे चुकतंय ते आधी शोधा. दर दहा नमुन्यांमागे एक दुबार. नोंदवहीत जागा, वेळ, मोजणाऱ्यांची आद्याक्षरं, मीटरचा क्रमांक, त्या सकाळचं प्रमाण द्रावणाचं वाचन, मागच्या ४८ तासांत पाऊस होता का. चुकलेला आकडा खोडायचा तो एका रेघेने, वाचता येईल असा.

कार्यालयात दोष सिद्ध करायला जाऊ नका, त्यांनी कुठे आणि किती वाजता नमुना घ्यावा हे सांगायला जा. "उजवा काठ, ब पासून अमुक मीटर, पहाटे साडेपाच, तीन रविवार सलग असे आकडे, आपण त्या वेळी नमुना घ्यावा आणि आम्हाला हजर राहू द्यावं" असं एका पानाचं पत्र. कोणाचं नाव घालू नका, तोंडाची जागा पुरते. त्यांच्या प्रयोगशाळेचा बीओडी (घाण कुजताना जीवाणू किती प्राणवायू वापरतात त्याचं माप) आला की तो ५ दिवस २० अंशांचा की ३ दिवस २७ अंशांचा, हे आधी बघा, नाहीतर दोन वेगळ्या पद्धतींचे आकडे शेजारी मांडून चर्चा भरकटते. जंतूंची तपासणी करायची तर निर्जंतुक बाटली, बर्फाची पेटी आणि सहा तासांच्या आत प्रयोगशाळा. बाटलीत काळं पडणाऱ्या पट्टीची चाचणी पिण्याच्या पाण्यासाठी असते. नदीचं पाणी त्यात बहुतेक वेळा काळं पडतंच, त्यातून काही कळत नाही.

---

काठावरची:

सोडणं रात्रीच होत असेल तर? तोंडाशी कोणाला उभं करणं सुरक्षित वाटत नाही.

---

गाळमोजणी:

उभं करूच नका. आणि दिवसाही कोणी झाकण उघडून गटारात डोकावायचं नाही. हायड्रोजन सल्फाइड जास्त असला की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं.

त्याऐवजी दर १५ मिनिटांनी नोंद घेणारा वाहकतेचा लॉगर तोंडाच्या खालच्या बाजूला बसवा. भोकं पाडलेल्या पाइपात घालून, पाण्यात किमान २० सेंमी बुडेल असा, काठच्या झाडाला तारेने बांधून. आठवड्याने त्यावर शेवाळाचा लेप चढतो, मऊ ब्रशने घासा. घासण्याआधीचं आणि नंतरचं वाचन दोन्ही लिहा, म्हणजे मधला फरक लेपाचा किती ते कळतं. आठ दिवसांचा आलेख काढला की सोडण्याचा तास दिसेल. दोन्ही_काठ यांच्या पत्रात "पहाटे साडेपाच" आहे, तिथे तोच तास घाला.