गोव्यातल्या बाळासाठी काय विणू? लोकर की कॉटन?

अबोली_फोंडा

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या नणंदेला आषाढात बाळ व्हायचंय, ती म्हापशाला असते. आमच्याकडे बाळंतविड्यात घरच्या कुणीतरी हाताने विणलेलं द्यायचंच असं आहे. माझ्या मुलाच्या वेळी आत्येसासूबाईंनी पिवळा स्वेटर, टोपी, मोजे असा सेट दिलेला, इतका सुंदर की बघत राहावं, पण फोंड्याच्या उकाड्यात तो घालायचा कधी, माहेरी बेळगावला थंडीत गेले तेव्हा काय तो अंगाला लागला. आता विणायची पाळी माझी आहे. सुलट उलट येतं, मोठ्यांचे स्वेटर विणलेत, क्रोशाही बऱ्यापैकी येतो, पण एवढ्याशा बाळाचं कधी काही केलं नाही. लोकर आणू की कॉटन? मापं कुठली धरू? शिवाय कॉलेजची एक मैत्रीण डब्लिनला असते, तिला डिसेंबरात बाळ होणार, तिलाही पाठवायचंय. दोघींना एकच डिझाइन चालेल का?

माई_डिचोली

अबोली, दोघींना एकच नको गो. म्हापशाच्या बाळाला कॉटनच घे, आणि बारीक घे. पावसात आपल्याकडे काय वाळतं ते तुला ठाऊक आहे, जाड कॉटनचं विणकाम दोन-दोन दिवस ओलं राहतं आणि मग त्याला तो कुबट वास येतो तो जाता जात नाही. बाळाचं रोज धुवावं लागणार, म्हणजे पंख्याखाली रात्रीत वाळेल असंच हवं.

मी असते तर अंगडं केलं असतं, पुढून उघडं, एकावर एक येणारं, बाजूला बांधायचं. नवजात बाळाची मान धरत नाही, डोकं छातीपेक्षा मोठं असतं, त्यामुळे डोक्यातून घालायचं काहीही आईला नकोसं होतं. सगळ्या ओळी सुलट घाल. नुसता एक ओळ सुलट एक ओळ उलट असा तुकडा कडेला वळतो, सगळं सुलट विणलेलं सपाट बसतं आणि ताणतंही छान.

आणि माप जन्माचं धरू नकोस, सगळे तिथेच अडकतात. आषाढातलं बाळ मार्गशीर्षात पाच महिन्यांचं होणार, आपल्याकडे गारवा म्हणून जो काय असतो तो तेव्हाच, पणजीत रात्री 20 अंशांच्या आसपास. म्हणजे पूर्ण बाह्यांचं काही करायचं असेल तर ते सहा महिन्यांच्या मापाचं कर. पहिल्या दोन महिन्यांसाठी बिनबाह्यांचं अंगडं आणि एक दुपटं पुरे.

एक अजून, कॉटनला लोकरीसारखा जीव नसतो, बॉर्डर एकदा ढिली पडली की परत आवळत नाही. 10 नंबरच्या सुईने विणत असशील तर बॉर्डरला त्याहून बारीक 12 नंबर घे. नेटवरचे पॅटर्न बघताना सांभाळ, अमेरिकन नंबर उलटे चालतात, त्यांची 10 नंबर म्हणजे 6 एमएमची जाडजूड सुई, आपली 10 नंबर सव्वातीन एमएमची. एमएम लिहिलेत का तेवढं बघायचं.

सुईदोरा_मडगाव

माईंना अनुमोदन. डब्लिनबद्दल सांगते, माझी वहिनी तिकडे असते म्हणून माहीत आहे. डिसेंबरात तिथे दिवसासुद्धा 8-9 अंश, तेव्हा लोकर हवीच, पण लेबलवर सुपरवॉश लिहिलेलीच घे. साध्या लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात, गरम पाण्यात घुसळले की ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटून घट्ट नमद्यासारखा होतो. नव्या आईला हाताने धुवायला वेळ कुठे असणार, ती सगळं मशीनमध्येच टाकणार. सुपरवॉशचे खवले प्रक्रिया करून गुळगुळीत केलेले असतात म्हणून ती निभावते. ॲक्रिलिक बेबी वूलही चालतं, स्वस्त आणि मऊ, फक्त त्याला इस्त्री लावू नये, वितळून कायमचं लोळागोळा होतं.

आणि पाठवायच्या आधी मैत्रिणीला रंग विचार. सरप्राइज वगैरे ठीक आहे पण एवढं विणायचं तर वापरलं गेलं पाहिजे ना.

रात्रपाळी

मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, कळकळीने काही गोष्टी लिहिते.

हातमोजे आणि पायमोजे उलटे करून आतून बघा. रंग बदलताना आत जे लांब दोरे लोंबतात त्यात बाळाची बोटं अडकतात, दोरा गुंडाळला जातो आणि बोटाचं रक्त थांबतं. बाळ रडत राहतं, मोज्याच्या आत कुणी बघत नाही. म्हणून बाळाच्या मोज्यांना एकच रंग, आतून गुळगुळीत, आणि मोठ्या जाळीची वीण नको. गळ्याशी रिबिनी, गोंडे नकोत. बटणं लावलीत तर ओढून बघा, खरं तर नसलेलीच बरी.

टोपरं मायेने सगळेच विणतात. जन्मल्यावर पहिले काही तास टोपीचा उपयोग असतो, पण नंतर घरात झोपताना नको, बाळ जास्तीची उष्णता बरीचशी डोक्यातून बाहेर टाकतं. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या 2022 च्या सूचनांतही हेच आहे, आणि झोपलेल्या बाळाजवळ सैल पांघरूण ठेवू नका असंही आहे. म्हणजे दुपटं विणू नका असं नाही, मांडीवर घ्यायला, जागं असताना खाली अंथरायला सुंदर. अंगावर घालून झोपवायला नको इतकंच.

आणि डांबरगोळ्या! विणून झालं की आपल्याकडे पावसाच्या भीतीने कपाटात गोळ्या टाकून ठेवतात. जी6पीडी, म्हणजे लाल पेशींना जपणारं एक एन्झाइम, त्याची कमतरता असलेल्या बाळांना नॅप्थलीनच्या नुसत्या वासाने, कपड्याच्या स्पर्शाने रक्तातल्या लाल पेशी फुटून कावीळ वाढते. कुठल्या बाळाला ती कमतरता आहे हे आधी कळत नाही. बाळाचे कपडे कोरडे करून सुती पिशवीत कडुलिंबाच्या सुक्या पाल्यासोबत ठेवा, द्यायच्या आधी धुऊन उन्हात घाला.

अबोली_फोंडा

बाप रे, डांबरगोळ्यांचं अजिबात माहीत नव्हतं, आमच्याकडे तर पेटीत कायम असतात. रात्रपाळी, मनापासून आभार, सासूबाईंनाही वाचून दाखवलं.

तर म्हापशाला कॉटनचं बिनबाह्यांचं अंगडं आणि दुपटं, मागाहून थंडीसाठी पातळ बाह्यांचं. डब्लिनला सुपरवॉश लोकरीचं कार्डिगन. माई, सहा महिन्यांच्या मापाला टाके किती घालायचे? आणि नणंदेसाठीही काहीतरी करायचं मनात आहे, सगळे बाळालाच देतात, तिच्यासाठी कुणी काही आणत नाही.

माई_डिचोली

नणंदेचा विचार केलास हे फार आवडलं बघ. तिला क्रोशाचं तोरण कर, पांढऱ्या दोऱ्याचं, साखळी आणि खांब येत असले तरी पुरे. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, येईतोवर बाळ दीड-दोन महिन्यांचं असेल, त्या घरात बाळाची ती पहिली चवथ, देवघराच्या दाराला तिच्या नावाचं तोरण लागेल. बाळंतिणीला त्या वर्षी माटोळीची, म्हणजे गणपतीवर फळं-पानं बांधून सजवायची धावपळ करता येत नाही, बाजूला बसून बघत राहते बिचारी, तर तिचंही काहीतरी तिथे असू दे.

आता टाके. सहा महिन्यांच्या बाळाची छाती साधारण 43 सेंमी, त्यात सैलपणाला 5 मिळव, झाले 48. फोर प्लाय दोरा 10 नंबरच्या सुईवर बहुतेक 10 सेंमीला 28 टाके देतो. पाठ म्हणजे निम्मं, 24 सेंमी, त्याचे 67 टाके, शिवणीला दोन्हीकडे एकेक धरून 69. पण माझ्या 28 वर जाऊ नकोस, हात प्रत्येकाचा वेगळा. आधी एक चौकोन विण, तो धू, वाळव, मग पट्टी लावून टाके मोज. कॉटन पहिल्या धुण्यात आटतं, न धुता मोजलंस तर अंगडं आखूड होईल. बांधायच्या नाड्या वेगळ्या शिवू नकोस, अंगड्याच्या कडेतूनच चार टाके पुढे विणत ने, म्हणजे ओढून निघणार नाहीत. आणि त्या बोटभरच ठेव, लांब नकोत.

सुईदोरा_मडगाव

अबोली, दोरा एकदमच घे हं, लेबलवरचा लॉट नंबर सगळ्या गुंड्यांचा सारखा बघून. नंतर एक गुंडी कमी पडली म्हणून आणायला गेलं की त्याच रंगात फरक येतो आणि पाठीवर पट्टा दिसतो.