नागपूर, मानेवाडा ते हिंगणा एमआयडीसी : इलेक्ट्रिक बसच्या भरवशावर मोपेड विकू का?

बेसारोडवाली

नमस्कार मंडळी. घरी दोन गाड्या आहेत, यांची मोटरसायकल आणि माझी जुनी मोपेड. मोपेडचं इंजिन कामाला आलंय. मेकॅनिकनं आकडा सांगितला तेव्हा मी त्याच्याच स्टुलावर बसून घेतलं. नोकरी हिंगणा एमआयडीसीत, पॅकिंगच्या युनिटमध्ये. सकाळी आठला गेटवर अंगठा लावायचा, उशीर झाला तर अर्धा दिवस कटतो.

मानेवाडा चौकातून आता इलेक्ट्रिक बस जाताना दिसतात. तर मी असा हिशोब करून राहिली : बसनं सीताबर्डी, तिथून मेट्रोनं लोकमान्य नगर, पुढे शेअर ऑटो. मोपेड विकायची आणि पास काढायचा. नवरा म्हणतो, "नवतपा येऊ दे, मे अखेरचे ते भट्टीचे नऊ दिवस, मग बोल." सासूबाई म्हणतात, बायांना अर्धं तिकीट आहे ना, विचार कशाचा करतेस!

रोज जाणाऱ्यांनी खरं खरं सांगा. इलेक्ट्रिक झाल्यापासून बस वेळेवर येतात का, की नुसता रंग बदलला?

इतवारीचे_काका

ताई, विकू नका. या गावानं असले प्रयोग खूप पाहिले. 2014 मध्ये इथेनॉलवरची हिरवी बस आली, नातवाला घेऊन खास पाहायला गेलो होतो. काही वर्षांत गायब. 2017 मध्ये इलेक्ट्रिक टॅक्सी आल्या. मंत्री, फोटो, पेपरात पहिलं पान. पुढे चार्जिंगच्या रांगेत उभं राहून राहून ड्रायव्हरच कंटाळले. माझं विजेशी काही भांडण नाही. पण फीत कापायला सगळे येतात, बस जुनी झाल्यावर तिचे पार्ट आणायला कोणी येत नाही.

अन् सासूबाईंना सांगा, महिलांचं अर्धं तिकीट मार्च 2023 पासून आहे खरं, पण ती योजना एसटीची.

डावा_पाय_मोकळा

ताई, मी हीच बस चालवतो म्हणून थोडं लांब लिहून राहिलो. आधी डिझेल चालवली, शहर बसला स्टार बस म्हणायचे त्या जमान्यापासून. पब्लिक अजूनही स्टार बसच म्हणते.

काकांचं चुकीचं नाही, पण टॅक्सीची गोष्ट बसला लागू होत नाही. टॅक्सीवाला चार्जर शोधत फिरतो. आमची बस रात्री डेपोत उभी, तिथंच चार्जिंगची गन लागते, पहाटे फुल. त्यामुळे तुमची सकाळ पक्की समजा. पहिल्या फेऱ्यांना ही गाडी दगा देत नाही. जानेवारीत डिझेलला पहाटे सेल्फ मारत बसायचो, ते नाटक संपलं. क्लच नाही, गिअर नाही. संध्याकाळी व्हेरायटी चौकातून मोरभवन बस स्टँडला शिरेपर्यंत क्लच इतका दाबावा लागायचा की रात्री डावा गुडघा झोपू देत नव्हता. घरची आता तेलाची बाटली वर ठेवून मोकळी झाली. सिग्नलजवळ पाय उचलला की मोटर उलटी वीज बनवते अन् बॅटरीत टाकते, समोर काट्यावर दिसते. नवीन पोरं जोरात ब्रेक मारतात अन् ती वीज वाया घालवतात. त्यांना सांगून सांगून थकलो.

आता दुपारचं ऐका. बारा मीटरची बस किलोमीटरमागे साधारण एक ते सव्वा युनिट खाते. ते सरासरीचं झालं. मे महिन्यात बाहेर 45 अन् दर स्टॉपवर दार उघडून राहिलं, तर एसी काय खात असेल ते घरच्या बिलावरून समजा. वर बॅटरीलाही थंड ठेवावं लागते, त्याचं कूलिंग वेगळं चालते. म्हणून हिवाळ्यात जी बस तीन वाजेपर्यंत आरामात पळते, ती नवतप्यात बाराच्या सुमारास पंचवीस टक्क्यांवर येते. मग फोन : आत आण. आत गेलं तर चार्जरवर आधीच गाड्या लागलेल्या, त्यात आमची ड्युटीही तेव्हाच बदलते. एका रूटच्या दोन-तीन बस एकदम आत गेल्या की स्टॉपवरच्या माणसाला वाटते बस बंदच झाली. यात बॅटरीला शिव्या देऊन काही होत नाही. रूटवर दोन बस जास्तीच्या ठेवल्या असत्या तर कोणाला कळलंही नसतं.

अजून एक. या बस ठेकेदार चालवतो. अशा ठेक्यात पैसे किलोमीटरमागे मिळतात, तिकिटाचा गल्ला ठेकेदाराच्या हातात येत नाही. एका परीनं चांगलं आहे, सवारीसाठी बसची रेस लागत नाही. पण मेडिकल चौक ते तुकडोजी पुतळा या जाममध्ये किलोमीटर होत नाहीत, अन् तुमची गर्दी तर तिथंच असते. आमच्या सुपरवायझरला आकडा पाहिजे. मग कधी कधी फेरी अर्ध्यातून वळवायला सांगतात. मला ते आवडत नाही, पण ऐकावं लागते.

कोराडीकर

बसवर "प्रदूषणमुक्त" लिहिलेलं वाचलं की हसू येते. वीज येते कुठून? इथं कोराडीत 660 मेगावॅटचे तीन संच कोळशावर चालून राहिले. आमच्याकडे बाया कुरडया वाळू घालतात तेव्हा आधी ओढणी अंथरतात, मग कुरडया, मग वरून अजून एक ओढणी. संध्याकाळी वरची ओढणी झटकून पाहा, करडी भुकटी निघते. सीताबर्डीची हवा साफ होऊ द्या, माझी ना नाही. पण हिशोबात आम्हालाही धरा.

डीपीवाला

कोराडीकर भाऊ, राखेचं शंभर टक्के मान्य. तरी दुसरी बाजूही पाहा. डिझेलची मोठी बस शहरात लिटरला तीन-साडेतीन किलोमीटर देते, अन् त्या डिझेलची अर्ध्याहून जास्त ताकद नुसती उष्णता होऊन जाते. मोटरमध्ये इतकी नासाडी नाही. अन् ड्रायव्हर भाऊ म्हणतात तो दुपारचा चार्जिंगचा टाइम म्हणजे नेमका सोलरचा टाइम. डेपोच्या शेडवर पॅनल टाकले तर थोडा तरी भार कोळशावरून उतरेल.

मी डेपोच्या वायरिंगची कामं केली आहेत. एका वेळी दहा बस फास्ट चार्जिंगला लावायच्या तर घरगुती डीपीवर ते भागत नाही. 11 केव्हीची लाइन ओढा, ट्रान्सफॉर्मर बसवा, मंजुरी आणा. एका गावी बस येऊन उभ्या होत्या अन् लाइनचा पत्ता नव्हता, टायरांना गवत लागलं. केंद्राची पीएम ई-बस सेवा ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर झाली, 10,000 बसची. त्यात डेपो अन् विजेच्या सोयीलाही पैसा धरला आहे, ही त्यातली अक्कलेची गोष्ट. बस विकत घेणं सोपं काम आहे.

बेसारोडवाली

सगळ्यांचे आभार. ड्रायव्हर भाऊ, सकाळचं समजलं. पण शनिवारी आमची दोनला सुट्टी होते, म्हणजे बर्डीत मी नेमकी तुमच्या चार्जिंगच्या वेळेत सापडणार. उन्हात तास-तास उभं राहणं मला जमणार नाही, बीपी आहे.

डावा_पाय_मोकळा

मग शनिवारी बर्डीत बाहेर पडूच नका. मेट्रो स्टेशनच्या आतल्या आतच लोकमान्य नगरची ॲक्वा लाइन सोडून ऑरेंज लाइनच्या फलाटावर जा, खापरीकडची गाडी धरा अन् छत्रपती चौकात उतरा. तिथून रिंग रोडनं नरेंद्र नगर करत मानेवाड्याला ऑटो मिळते. खिशाला थोडं जास्त पडेल, पण बर्डीतलं ऊन वाचते. डिसेंबर 2022 मध्ये दोन्ही लाइन पूर्ण झाल्यापासून आमचे कितीतरी प्रवासी असेच जातात. मीच सांगून राहिलो म्हणजे पाहा!

मोपेडचं म्हणाल तर दुरुस्तही करू नका, विकूही नका. एक उन्हाळा झाकून ठेवा.

इतवारीचे_काका

झाकण्याआधी पेट्रोल काढून ठेवा. अन् बॅटरीची वायर.

डावा_पाय_मोकळा

अन् ताई, सकाळी स्टॉपवर मोबाइलमध्ये डोकं घालून उभ्या राहू नका. या बसचा आवाज होत नाही. हात दाखवला नाही तर मी समजतो तुम्ही ऑटोची वाट पाहून राहिल्या, अन् पुढे निघतो.