नरकासुराचा तयार मुखवटा आणि आमचं लहानपण

मांडवीकाठ

परवा आमच्या गोव्यातल्या वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, मुलांची बैठक झाली. यंदा नरकचतुर्दशीच्या पहाटे जाळायच्या नरकासुराच्या पुतळ्याचा मुखवटा म्हापशाच्या बाजारातून तयारच आणायचा, असं ठरलं. मी विरोध केला, तो कोणी मनावर घेतला नाही. ते मनातून जात नाही, म्हणून इथे कट्ट्यावर सगळ्यांपुढे मांडतो.

माझं लहानपण १९८० नंतरच्या दहा वर्षांतलं, मांडवीतल्या दिवाडी बेटाच्या बाजूचं. दिवाळीच्या आधी सरद, म्हणजे पावसाळी भाताची, शेतं कापून झालेली असायची. घरोघर जाऊन अंग भरायला तण, म्हणजे भाताचा पेंढा, मागायचं, भाटातून (बागायतीतून) बांबू तोडायचे, कोणाच्या तरी बाबांची विटलेली पँट मिळवायची. मुखवट्यासाठी चिकणमातीचा साचा करायचा आणि त्यावर जुन्या 'गोमन्तक'-'नवप्रभा' या दैनिकांचे तुकडे मैद्याच्या खळीने चिकटवायचे. एक थर वाळला की दुसरा. सहा-सात थर झाले की आतली माती हळूच काढायची. नाक दरवर्षी वाकडंच यायचं. उंची फार तर सहा फूट. पहाटे वाड्यावरून फिरवून त्याला जाळायचा, घरी येऊन तेल लावून न्हायचं, तुळशीपुढे अंगठ्याने कारीट हे कडू फळ फोडायचं आणि फोव, म्हणजे पोहे, खायला बसायचं. ताकातले, दुधातले, नारळाच्या रसातले, बटाट्याचे.

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, बांबूची फोताश ही खेळण्यातली बंदूक करायचो. नळीत एक हिरवं तेफळ (तिरफळ) आधी ठासून बसवायचं, मागून दुसरं दांड्याने दाबत न्यायचं. मधली हवा कोंडली की पुढचं फटकन सुटायचं. बोंदेराच्या उत्सवाला दिवाडीत अजून ती दिसते, पण आता बहुतेक मुलं ती विकत घेतात. उन्हाळ्यात काजूच्या बिया हेच आमचे पैसे. खेळात जिंकायच्या, हरायच्या, आणि उरलेल्या देऊन दुकानातून पिपरमिट घ्यायचं.

हातात पैसा नसायचा, पण खेळणं आमच्या हातचं असायचं. आजच्या मुलांचं सगळं बाजारातून येतं, आणि नरकासुरसुद्धा विकत आणायचा असेल तर मग त्या रात्री मुलांनी केलं काय? आमचं लहानपण यांच्यापेक्षा चांगलं होतं, असं मला मनापासून वाटतं. कोणाला पटत नसेल तर सांगा.

कारीट

दादा, ते फोव कोणी केले होते?

मी तुमच्याच वयाची, फोंड्याकडची. त्या रात्री अडीच वाजता आई मला उठवायची. आई, काकी आणि मी. काकी आदोळीवर (विळीवर) बसून नारळ किसायची, मी रस काढायची, आई चुलीपाशी. पाच तऱ्हेचे फोव पहाटेपर्यंत तयार व्हायला हवे, कारण मुलगे नरकासुर जाळून भुकेले यायचे. मला नरकासुर दिसायचा तो दारावरून जाताना, खिडकीतून, तेवढाच. बारा वर्षांची असताना तण आणायला भावाबरोबर शेतात गेले होते. 'हे मुलींचं काम नव्हे' म्हणून मला अर्ध्या वाटेवरून परत पाठवलं. ती वाट मला अजून आठवते.

जत्रेतल्या नाटकांचंही तेच. गोव्यात एकेका गावाला उत्सवी नाटकाची केवढी परंपरा! देवळासमोर रंगमंच, रात्रभर संगीत नाटक. पण बायकांची कामं आधी पुरुष करायचे, पुढे बाहेरगावाहून नटी आणू लागले. गावातल्या मुलींनी चटई घेऊन लवकर जागा धरायची. आणि टीव्ही? २५ जानेवारी १९८७ ला 'रामायण' सुरू झालं तेव्हा आमच्या वाड्यावर एकाच घरी संच होता. रविवारी सकाळी अख्खा वाडा तिथे. आत जमिनीवर कोण बसायचं आणि खिडकीबाहेर उभं कोण राहायचं, हे न सांगता ठरलेलं असायचं. बाहेर उभं राहणाऱ्या मुलाला विचारा, त्याला ती रविवारची सकाळ कशी आठवते.

आमचेही खेळ होते. सागरगोटे, फुगड्या, पौषात मांडावर, म्हणजे ठरलेल्या अंगणात, धालो हा बायकांचा नाच. शेणाने सारवलेल्या मांडावर समोरासमोर दोन रांगा, एकमेकींच्या पाठीवर हात, आणि पुढे-मागे झुलत पहाटेपर्यंत गाणी. आजीच्या तोंडून ऐकलेली कितीतरी गाणी मला पाठ आहेत. पण लहानपणाच्या आठवणींचा असा विषय निघाला की विटीदांडू येतो, भोवरा येतो, गड्डे (गोट्या) येतात. धालो कधीच का येत नाही?

माझी मुलगी आज मुलींच्या आरती पथकात घुमट, म्हणजे मातीच्या भांड्याला कातडं लावलेलं वाद्य, वाजवते. २०१९ साली सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं लावत, ते वन्यजीव कायद्याने बंद झालं, आता बकऱ्याचं लावतात. जुने वादक म्हणतात, तो नाद नाही. असेलही. पण जुन्या नादाच्या काळात मला घुमटाला हात लावता आला नव्हता, हिला येतो. मला हिचं लहानपण जास्त आवडतं.

पणजीचा पोर

काका, मी चोवीस वर्षांचा. मुखवटा विकत आणला की हाताने काही केलंच नाही, असं कसं? आमच्या मंडळाचा नरकासुर गेल्या वर्षी वीस फुटांचा होता. लोखंडी सांगाडा आम्ही वेल्डिंग केला. गाडीच्या वायपरची मोटर लावून डोळे फिरवले, दुसऱ्या मोटरवर गदेचा हात वर-खाली केला. तो हात दोनदा जळाला, म्हणजे मोटर जळाली, आणि तिसऱ्यांदा गिअरचं गणित जमलं. कॉलेजात जे डोक्यात शिरलं नव्हतं ते तिथे शिरलं. पंधरा रात्री आम्ही झोपलो नाही. तुमची खळ आणि आमचं वेल्डिंग, यात कमी-जास्त काय ते मला कळत नाही.

आणि बाजारात जो मुखवटा मिळतो तोही कोणीतरी कागद-खळ लावूनच केलेला असतो. त्यांचं घर त्यावर चालतं.

दर्यापार

मी बोटीवर असतो, वर्षाचे आठ-नऊ महिने. पोरा, तुझं वेल्डिंग मला मान्य, पण तुमचा आवाज मान्य नाही. गेल्या दिवाळीला घरी होतो. आईला हृदयाचा त्रास आहे, आणि रात्री दोन वाजता नाक्यावरच्या त्या भिंतीएवढ्या स्पीकरांनी खिडकीच्या काचा थरथरत होत्या. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर नको, हा नियम २००० सालापासून आहे. आमच्या वेळी पत्र्याचे डबे आणि एक ढोल, एवढ्यावर नरकासुर यायचा. तो यायच्या आधी जी शांतता असायची ती मला समुद्रावर आठवते. तिच्यासाठी मी मांडवीकाठ यांच्या बाजूने.

बाराखडी

तुम्ही सगळे वस्तूंबद्दल बोलता आहात. मी मुलांच्या संख्येबद्दल बोलते.

सत्तरी तालुक्यात मराठी प्राथमिक शाळेत मी शिकवलं. १९८९ साली रुजू झाले तेव्हा चार वर्गांत मिळून चाळीसच्या वर मुलं होती. मधल्या सुट्टीत लगोरीचे दोन संघ व्हायचे आणि तरी दहा जण बघत उभे राहायचे. निवृत्त झाले त्या वर्षी चार वर्गांत मिळून सात मुलं होती. सातांत लगोरी होत नाही. फोडणारे, राखणारे, चेंडू आणायला धावणारे कुठून आणायचे? मी स्वतः खेळायला उतरायचे, तरी एक बाजू लंगडीच राहायची.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत गोव्याचा जननदर १.३ आहे, म्हणजे एका बाईमागे सरासरी दीड मूलही नाही. देशात हा आकडा २ आहे. जी मुलं आहेत त्यांना सकाळी सातला बस शहरातल्या इंग्रजी शाळेत नेते आणि तिन्हीसांजेला आणून सोडते. एका वाड्यावर तीन मुलं, तिघं तीन वयांची, तीन शाळांत. ती मोबाइल घेऊन बसली तर मला त्यांचा राग येत नाही. कणेरं, चुन्नं, जगमं ही रानफळं खायला डोंगरावर एकटं मूल जात नाही, टोळी लागते. खेळ मुलांनी टाकले नाहीत, टोळी संपली तेव्हा खेळही संपले. मांडवीकाठ, तुमची तक्रार मुलांच्या दाराशी नेऊ नका.

मांडवीकाठ

बाराखडी बाई, हे मी कधी असं मोजून पाहिलं नव्हतं. आमच्या वाड्यावर मी आता मोजली. दहावीच्या आतली मुलं पाच.

कारीट, तुमचं वाचून मी आमच्या ताईला फोन केला. तीही त्या पहाटे आदोळीवरच बसायची, हे मला आठवत होतं, पण तिला नरकासुर करायचा होता हे मी कधी विचारलं नव्हतं. तिने सांगितलं की मुखवट्याला काळा रंग द्यायला ती एकदा मागे लागली होती आणि मीच नाही म्हटलं होतं. मला ते आठवत नाही. 'आमचं लहानपण' लिहिताना मी मुलग्यांचं लहानपण लिहिलं, हे खरं आहे.

पण एका गोष्टीवर मी मागे हटणार नाही. वीस फुटांच्या नरकासुराला वर्गणी लागते, बक्षीस लागतं, वेल्डिंगचं मशीन लागतं. तो मोठ्या मुलांचा. आठ वर्षांच्या पोराने करावं असं त्यात काही नसतं, तो बाजूला उभा राहून बघतो. आमचा सहा फुटांचा होता म्हणून आठ वर्षांच्यालाही खळ ढवळायचं काम होतं. पोरा, तुझ्या कामाला मी कमी लेखत नाही. या पाच जणांना मात्र लहान नरकासुरच हवा, आणि त्या पाचांत तीन मुली आहेत.

आता अडचण तणाची. आमच्याकडे कापणी मशीनने होते. तण तुटून बारीक होऊन शेतात पडतं, भरायला उपयोगाचं राहत नाही. सुकं गवत भरून पाहिलं, अंग धरत नाही.

पणजीचा पोर

काका, आठ वर्षांच्याचं खरं आहे. माझा लहान भाऊ पंधरा रात्री नुसता बॅटरी धरून बसला होता. सांगाड्याला तार आणि पट्ट्या आमच्याकडे उरल्या आहेत, रविवारी आणून देतो. मोटर लावणार नाही.

कारीट

आमचा शेताचा एक चौकोन उरलाय, खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या, कडेला. मशीन तिथे उतरत नाही, म्हणून अजून विळ्याने कापतो. चार भारे तण बाजूला ठेवते. न्यायला मुलींना पाठवा.