मदत हवी आहे: बाबांच्या एनएफसी अंगठीत मराठी मजकूर मावत नाही

नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्यात नौपाड्याला राहतो. बाबा रोज सकाळी एकटेच तलावपाळीला फेऱ्या मारायला जातात. इन्सुलिन चालू आहे, आणि मोबाइल बरोबर न्यायचा त्यांना मनस्वी कंटाळा. साखर उतरून चक्कर आलीच, तर कोणीही आपला फोन त्यांच्या बोटाजवळ धरावा आणि माझा नंबर समोर यावा, एवढ्यासाठी ही एनएफसी (फोन जवळ धरताच चिपमधली माहिती वाचली जाते ते तंत्र) अंगठी घेतली.

चिप एनटॅग 213 आहे. 'एनएफसी टूल्स' अ‍ॅपमधून नाव, पत्ता, औषधं मराठीत लिहायला गेले तर जागा पुरत नाही. चिपमध्ये जागा 144 बाइट, आणि देवनागरीत अक्षराला 3, काना-मात्रेला आणखी 3. नुसत्या 'ठाणे'चे 12 झाले! इंग्रजीत मावेल, पण मदतीला धावणारा फुलवाला असेल नाहीतर रिक्षावाला. त्याला पटकन वाचता यायला हवं. 504 बाइटची एनटॅग 215 चिप असलेली घ्यावी की 888 ची 216? आयफोनवरही अ‍ॅपशिवाय चालेल ना? आणि कोणी पुसू नये म्हणून लॉक करू का? जाणकारांनी कृपया सांगा, बाबांची फार काळजी वाटते.

प्रतिसाद १:
ताई, अंगठी बदलू नका. आयफोन एक्सएस आणि त्यानंतरचे फोन अ‍ॅप न उघडता टॅग (म्हणजे अंगठीतली चिप) वाचतात, पण लिंक किंवा फोन नंबर असेल तरच. साधा मजकूर दाखवत नाहीत. त्यामुळे मजकूर काढा आणि फोन नंबरची नोंद करा, +91 सकट. वीसएक बाइटांत बसते. अँड्रॉइडवर नंबर थेट डायलरमध्ये येतो.

लॉक मात्र नको. ते कायमचं असतं, उद्या नंबर बदलला तर अंगठी फुकट. त्याऐवजी त्याच अ‍ॅपमधून पासवर्ड लावा. वाचता सगळ्यांना येईल, बदलता फक्त तुम्हाला.

अंगठीचा अँटेना चिमुकला असल्याने फोन अगदी टेकवावा लागतो: आयफोनची वरची कड, अँड्रॉइडची बहुधा पाठ, कॅमेऱ्याच्या आसपास. स्क्रीन चालू हवी, अँड्रॉइड तर सहसा अनलॉकही.

पण अंगठीत नंबर आहे हे त्या फुलवाल्याला कळणार कसं? म्हणून बाबांच्या शर्टाच्या खिशात मराठीत ठळक लिहिलेलं कार्ड ठेवाच: नाव, मधुमेह, इन्सुलिन, तुमचा नंबर. सोबत साखरेची पुडीही असू द्या.