शब्दचर्चा : कार्बनची 'सहल' आणि 'विसंगती'

मुद्रितशोधक :
एका विज्ञानलेखाचं भाषांतर तपासतेय. विषय कँब्रियनपूर्व काळातले (सुमारे ५४ कोटी वर्षांहून जुने) चुनखडक आणि डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेला चुनखडकासारखा खडक), आणि त्यांतल्या कार्बनच्या समस्थानिकांच्या, म्हणजे वेगवेगळ्या वजनांच्या अणूंच्या, प्रमाणात दिसणारे प्रचंड चढउतार. मूळ लेखात पानोपानी 'एक्सकर्शन' हा शब्द आहे. भाषांतरकाराने कोश उघडून पहिला अर्थ उचललाय. त्यामुळे माझ्यापुढचं वाक्य असं : 'ओमानमधील शुराम सहल ही पृथ्वीच्या इतिहासातील सर्वांत मोठी कार्बन-सहल होय.' हसून झालं. तात्पुरतं मी 'विसंगती' केलंय, पण तेही खटकतंय. काय लिहावं?

ओळकाढू :
वर्गशिक्षिकेची परवानगी घेतली का सहलीला?

कोशकीटक :
सहल अगदीच चुकीची नाही हो, फक्त चुकीच्या ठिकाणी गेली आहे. लॅटिन मुळाचा अर्थ 'बाहेर धावणे'. घराबाहेर पडून परत येणे, यातून सहलीचा अर्थ आला. भूचुंबकशास्त्रातही हा शब्द आहे. चुंबकीय क्षेत्र भरकटतं, पण उलटं न होता मूळ जागी येतं, त्याला एक्सकर्शन म्हणतात. पूर्ण उलटलं तर 'रिव्हर्सल'. म्हणजे 'परत येणे' हा अर्थाचा गाभा आहे.

मराठीत जवळचे पर्याय : विचलन, विपथन, भरकट, हेलकावा. 'विपथन' प्रकाशशास्त्राने घेतला आहे. 'विचलन' संख्याशास्त्रात 'प्रमाण विचलन' म्हणून बसलाय, पण तिथे तो जोडशब्द असल्याने गोंधळ होऊ नये. 'आंदोलन' नको. भौतिकशास्त्रात ते सतत मागेपुढे होणं आहे, आणि वृत्तपत्रात ते रस्त्यावर होतं.

माझं मत 'विचलन'. परत येण्याची छटा त्यात नाही, ही उणीव मान्य.

खडकवाचक :
मी याच विषयात काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. 'विसंगती' खटकतंय ते बरोबर खटकतंय. विसंगत म्हणजे कशाशी तरी न जुळणारं. एकदा 'विसंगती' म्हटलं की वाचक धरून चालतो की काहीतरी बिघडलंय. आणि या क्षेत्रातला मूळ वाद तोच आहे : बिघडलं होतं ते काय, तेव्हाचा समुद्र की नंतरचा खडक?

आधी मोजतात काय ते. निसर्गातल्या कार्बनपैकी सुमारे ९८.९ टक्के कार्बन-१२ आणि १.१ टक्के कार्बन-१३. नमुन्यातलं या दोघांचं गुणोत्तर एका ठरीव प्रमाणाशी ताडून फरक दर हजारी सांगतात. त्याला डेल्टा मूल्य म्हणतात. ते प्रमाण म्हणजे मुळात दक्षिण कॅरोलायनातल्या पी डी थरांमधला बेलेम्नाइट या प्राण्याचा जीवाश्म. तो कधीच संपला. आता त्याच्याशी जुळवलेलं 'व्हिएन्ना' प्रमाण वापरतात. म्हणून 'शून्य' म्हणजे कार्बन-१३ नाही असं नव्हे, नमुना प्रमाणाएवढाच आहे, इतकंच. हे वाक्य लेखात घालाच. शून्याचा घोटाळा फार लोक करतात.

मुद्रितशोधक :
बापरे. आणि इथे 'उणे बारा टक्के' छापायच्या तयारीत आहेत. दर हजारीचं चिन्ह टक्क्याचं झालंय.

खडकवाचक :
ताबडतोब थांबवा! उणे बारा दर हजारी म्हणजे काय ते आकड्यांत सांगतो. प्रमाणात कार्बन-१२चे एक लाख अणू घेतले तर कार्बन-१३चे सुमारे ११२० भरतात. ओमानमधल्या शुराम थरांत मूल्य सर्वांत खाली उतरतं तिथे ते सुमारे ११०७ होतात. लाखामागे तेरा-चौदा अणूंचा फरक! आणि आम्ही त्याला 'प्रचंड' म्हणतो. कारण गेल्या ५० कोटी वर्षांतल्या समुद्री चुनखडकांत हे मूल्य बहुतेक वेळा शून्याच्या आसपास दोन-चार दर हजारी हलतं. 'मोठं' हे विशेषण इथे नेहमीच्या हालचालीच्या तुलनेत आहे. हेही कुठेतरी म्हणा, नाहीतर वाचक अणूंच्या डोंगराची कल्पना करेल.

कोशकीटक :
'जड' आणि 'हलका'बद्दलही सांगा. आमच्याकडे आलेल्या एका लेखात 'जड कार्बनमुळे खडकाचे वजन वाढले' असं होतं.

खडकवाचक :
नाही वाढत. 'जड' म्हणजे कार्बन-१३चं प्रमाण जास्त, 'हलका' म्हणजे कमी. प्रकाशसंश्लेषण करणारे जीव कार्बन-१२ आधी उचलतात, त्यामुळे सेंद्रिय पदार्थ हलका, ढोबळमानाने उणे २५. मागे उरलेलं पाणी तेवढं जड, आणि त्यातून साचणारं कार्बोनेटही, म्हणजे चुनखडक ज्याचा बनतो तेही, जड. ज्वालामुखीतून येणारा कार्बन उणे पाचच्या आसपास. हा सरळ जमाखर्च आहे. जमेला उणे पाच. खर्चाला एक पंचमांश सेंद्रिय पदार्थ गाळात पुरला आणि बाकीचं कार्बोनेट झालं, तर कार्बोनेट बरोबर शून्यावर येतं.

पुढची गंमत पाहा. सेंद्रिय पदार्थ गाळात जास्त गाडला गेला की कार्बोनेट वर चढतं. सेंद्रिय पदार्थ आणि कार्बोनेट यांतलं अंतर २५ धरलं, तर अधिक दहावर पोचायला पाचांत तीन भाग कार्बन सेंद्रिय रूपात गाडला जावा लागतो. अवघड, पण हिशेबात बसणारं. खाली मात्र तळ आहे. काहीच पुरलं नाही, सगळं कार्बोनेटच झालं, तरी ते जमेच्या आकड्याच्या, म्हणजे उणे पाचच्या, खाली जाऊ शकत नाही. आणि शुराम जातं उणे बारापर्यंत. ताळेबंद जुळतच नाही. म्हणून १९९३मध्ये ओमानमधून ही मूल्यं प्रसिद्ध झाल्यापासून आजतागायत भांडण चालू आहे.

ओळकाढू :
म्हणजे खात्यात नसलेले पैसे काढलेत कोणीतरी.

खडकवाचक :
नेमकं तेच एक उत्तर आहे! २००३मध्ये अशी कल्पना मांडली गेली की तेव्हाच्या समुद्रात विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनचा अवाढव्य साठा, जणू जुनी ठेव, होता. तो ऑक्सिडीकरणाने मोडला आणि हलका कार्बन पाण्यात उतरला. दिसायला सुरेख. पण ती ठेव मोडायला लागणारा ऑक्सिजन आणि सल्फेट इतका काळ पुरणार नाहीत, असा हिशेब २००८मध्ये दुसऱ्यांनी दाखवला. शुरामची अलीकडची वयं सुमारे ५७.४ कोटी ते ५६.७ कोटी वर्षांपूर्वीची आहेत. म्हणजे लाखांत नव्हे, दशलक्षांत मोजायचा काळ.

दुसरा पक्ष म्हणतो, समुद्राला कशाला दोष देता? गाळाचा खडक होताना आणि पुढे पुरल्यावर त्यातून पाणी फिरतं. पावसाच्या पाण्यात ऑक्सिजन हलका, कुजलेल्या सेंद्रिय पदार्थातून आलेला कार्बनही हलका. असं पाणी खडकातून गेलं की दोन्ही मूल्यं हातात हात घालून घसरतात. शुराममध्ये कार्बन आणि ऑक्सिजन तसेच सोबत घसरलेले दिसतात.

मुद्रितशोधक :
मग निकाल लागलाच की.

खडकवाचक :
लागला असता. पण हीच घसरण ओमानबरोबर दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या वोनोका थरांत, दक्षिण चीनमधल्या दौशान्त्वो थरांत आणि कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीच्या जॉनी थरांत दिसते, साधारण सारख्याच आकाराची. चार ठिकाणचं पाणी ठरवून एकसारखं वागलं का?

कोशकीटक :
अहो, हा तर पोथ्यांचा प्रश्न झाला! चार दूरदूरच्या गावांतल्या पोथ्यांत एकच विचित्र ओवी सापडली. मूळ कवीची की प्रक्षिप्त? एकाच लेखनिकाची चूक असती तर एकाच पोथीत सापडली असती. पण एक शंका : चारही ठिकाणच्या लेखनिकांना एकाच अवघड शब्दाशी अडखळून तीच चूक करायची सवय असेल तर?

खडकवाचक :
क्या बात! दुसऱ्या पक्षाचं उत्तर जवळपास हेच आहे. समुद्राची पातळी उतरली की जगभरचे उथळ किनारे एकाच वेळी उघडे पडतात आणि सगळ्यांवर पाऊस पडतो. त्याच धर्तीवर बहामाजच्या अगदी अलीकडच्या चुनखडकांतला बदल दाखवला गेला आहे. चूक एकच, जागा अनेक. 'मूळ' आणि 'प्रक्षिप्त' हे शब्द मी आता व्याख्यानात वापरणार. आम्ही 'प्राथमिक मूल्य' आणि 'बदललेलं मूल्य' म्हणतो, ते फार कोरडं आहे.

कोशकीटक :
वापरा. आणि यावरून आठवलं, लेखात 'इंटरप्रिटेशन'ला काय घातलंय?

मुद्रितशोधक :
'स्पष्टीकरण'.

कोशकीटक :
नको. स्पष्टीकरण म्हणजे उत्तर ठाऊक असलेल्याने दिलेलं. 'अन्वयार्थ' घ्या. श्लोकाचा अन्वय लावताना आपण शब्द बदलत नाही, फक्त क्रम लावतो, कर्ता कुठला, क्रियापद कुठलं ते शोधतो, मग अर्थ लागतो. एकाच श्लोकाचे दोन अन्वय होऊ शकतात. खडकवाचक सांगताहेत ते अगदी तसंच आहे. मूल्यं तीच, कर्ता कोण यावर वाद.

खडकवाचक :
क्रमाचा भागही खरा आहे. दूरदूरच्या ठिकाणांचे आलेख एकमेकांशेजारी लावताना कुठला थर कुठल्या थराच्या बरोबरीचा, हे बऱ्याचदा आलेखाच्या आकारावरूनच ठरवलं जातं. आणि मग 'बघा, सगळीकडे एकाच वेळी झालं' असंही म्हटलं जातं. आकारावरून वेळ, वेळेवरून आकार! स्वतंत्र वयं मिळतात तेव्हाच हे वर्तुळ तुटतं. ओमान आणि वायव्य कॅनडातल्या थरांची रेनियम-ऑस्मियम पद्धतीने (रेनियमच्या किरणोत्सर्गी क्षयावरून) काढलेली वयं जुळली, म्हणून एकाच काळातली असण्याची बाजू आता बळकट आहे. एकाच कारणाची मात्र नव्हे. वय जुळणं आणि कारण जुळणं निराळं.

मुद्रितशोधक :
आणखी एक. 'ऋण विचलन' आणि 'धन विचलन' चालेल? एका ठिकाणी मूल्य उणे दहावरून उणे चारवर येतं आणि भाषांतरात त्याला 'ऋण घट' म्हटलंय. माझं डोकं फिरलं.

खडकवाचक :
ती वाढ आहे. ऋण ही जागा झाली, घट ही दिशा. आमच्या बोलण्यातसुद्धा दोन्हींची सरमिसळ होते. 'ऋण विचलन' म्हणजे मूल्य नेहमीच्या पातळीखाली उतरून परत वर येणं. त्यात तळ शून्याखाली असतोच असं नाही. सोपं करायचं तर दिशेसाठी 'घसरण' आणि 'चढ' वापरा, जागेसाठी 'उणे' आणि 'अधिक'. 'ऋण घट' कुठेच नको.

ओळकाढू :
आणि लेखात पुढे 'लोमागुंडी घटना' आहे ना? तिला 'घटना' म्हणावं का? कार्बनची मूल्यं अधिक दहा आणि त्यावर गेलेली, सुमारे २२० कोटी ते २०६ कोटी वर्षांपूर्वी. 'घटना' चौदा कोटी वर्षं चालते होय?

खडकवाचक :
छान पकडलंत. झिंबाब्वेतल्या लोमागुंडी भागातल्या डोलोमाइटवरून नाव पडलं, आणि रशिया-फिनलंडकडचे जाटुली थर जोडून 'लोमागुंडी-जाटुली घटना' रूढ झालं. आपल्या अरवली समूहातल्या काही डोलोमाइटमध्येही अशी जड मूल्यं आहेत, पण त्याच समूहातल्या झामरकोट्राच्या स्ट्रोमॅटोलाइटी फॉस्फोराइटबरोबरच्या (सूक्ष्मजीवांच्या थरांतून घडलेल्या फॉस्फेटी खडकाबरोबरच्या) डोलोमाइटमध्ये ती दिसत नाहीत. अशा फरकांमुळेच 'घटना' शब्दावर बोट ठेवलं जातं. २०२२मध्ये एका गटाने मांडलं की ही जड मूल्यं मुख्यतः उथळ, किनाऱ्यालगतच्या थरांत सापडतात, आणि खुल्या समुद्रात साचलेल्या थरांत मूल्यं शून्याजवळ राहतात. ते खरं असेल तर साऱ्या समुद्राचा कार्बन बदलला नव्हता, किनाऱ्यांचा बदलला होता. 'घटना' म्हटलं की सगळ्या जगाने एकत्र अनुभवलेलं काहीतरी वाटतं.

पण नाव आता रुळलं आहे, ते बदलायला जाऊ नका. फक्त पहिल्या उल्लेखाला 'लोमागुंडी घटना या नावाने ओळखली जाणारी जड मूल्यं' असं लिहा.

कोशकीटक :
हेच मला 'विचलन'बद्दल म्हणायचं होतं. आलेखाला विचलन म्हणा. समुद्राचं, वातावरणाचं किंवा खडकाचं विचलन म्हणू नका, तो अन्वयार्थ झाला. ललित वाक्यात हवा तर 'हेलकावा' वापरा, एकदा-दोनदा.

मुद्रितशोधक :
सगळ्यांचे आभार. दुरुस्त वाक्य बघा :

'ओमानमधील शुराम थरांतून नोंदलेले ऋण विचलन हे आजवर ज्ञात असलेले सर्वांत मोठे आहे. त्यात सुमारे ५७ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या पाण्यातील कार्बन-१३चे प्रमाण उणे १२ दर हजारीपर्यंत घसरले.'

खडकवाचक :
पहिलं वाक्य उत्तम. दुसऱ्यातलं 'समुद्राच्या पाण्यातील' काढा. 'चुनखडकांतील' लिहा. मोजलाय तो खडक.

कोशकीटक :
आणि 'कार्बन-१३चे प्रमाण' नव्हे, 'कार्बन-१३चे डेल्टा मूल्य'. प्रमाण कधी उणे नसतं.