मदत हवी आहे: इंग्लंडमधली रिसेप्शन आणि नर्सरी, समर टर्ममध्ये मुलं नेमकं शिकतात काय?

धागाकर्ती: सईची_आई

नमस्कार मंडळी,

आम्ही रेडिंगजवळ राहतो. मुलगा रिसेप्शनमध्ये (इथल्या शाळेचं पहिलं वर्ष, चार-पाच वर्षांची मुलं) आहे. जुलैचा जन्म, त्यामुळे वर्गातल्या सगळ्यात लहान मुलांपैकी. धाकटी सई ऑक्टोबरची, साडेतीन वर्षांची. ती त्याच शाळेच्या नर्सरीत सकाळच्या वेळात जाते. ईस्टरची सुट्टी संपली, समर टर्म सुरू झाली आणि शाळेचं पत्रक आलं. त्यात सुरवंट, बिया, समुद्रकिनारा, स्पोर्ट्स डे आणि इयर वनच्या (रिसेप्शननंतरच्या) वर्गाला भेट. झालं. मी पान उलटून पाहिलं, मागे काहीच नव्हतं.

"आज काय केलंस?" "खेळलो." "अजून?" "चिखलात खेळलो." हे खरं आहे याचा पुरावा रोज वॉशिंग मशीनमध्ये पडतो.

पेरेंट्स ईव्हनिंगला टीचर म्हणाल्या की वाचन छान चाललंय, लिखाण मात्र अजून 'इमर्जिंग' आहे. त्यांनी वही दाखवली. 'आय वेंट टु द पार्क' असं त्याने लिहिलं होतं, पण वेंटला डब्ल्यूच्या जागी व्ही आणि पार्कमधला आर गायब, नुसतं पी-ए-के. खाली लाल रेघ नाही, उलट चांदणीचं स्टिकर! आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

तिकडे नाशिकला याचाच आतेभाऊ सीनियर केजीत शंभरपर्यंत आकडे अंकांत आणि अक्षरांत लिहितो, तेही चार रेघी वहीत. सासरे पुढच्या महिन्यात येताहेत आणि सामानात अंकलिपी असणार हे त्यांनी आधीच जाहीर केलंय.

तर प्रश्न असे. जुलैअखेर रिसेप्शनच्या मुलाला काय यायला हवं? घरी वर्कबुकं आणू का, ट्यूशन लावू का? फोनिक्स (अक्षरांचे आवाज जोडून वाचणं) घरी कसं घ्यायचं? घरात आम्ही फक्त मराठी बोलतो, त्याने इंग्रजी मागे पडतंय का? आणि नर्सरीवाल्या बाईसाहेबांचं काय करायचं?

जाणकारांनी कृपया लिहा.

हिरवाचाफा

मी लेस्टरमध्ये एका प्रायमरी शाळेत रिसेप्शनला टीचिंग असिस्टंट आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी 'इमर्जिंग'बद्दल. रिसेप्शनच्या शेवटी इंग्लंडमध्ये प्रत्येक मुलाचं ईवायएफएस (पाच वर्षांपर्यंतच्या मुलांचा सरकारी अभ्यासक्रम) प्रोफाइल भरतात. एकूण १७ उद्दिष्टं असतात आणि प्रत्येकापुढे दोनच शेरे: 'इमर्जिंग' किंवा 'एक्स्पेक्टेड'. पूर्वी 'एक्सीडिंग' असा तिसरा शेरा होता, तो २०२१ पासून काढला. परीक्षा अशी नसते. टीचर वर्षभर मुलाला बघत असते, त्यावरून ठरवते, आणि हे काम ३० जूनच्या आत संपवावं लागतं. म्हणजे आत्ता ईस्टरनंतर लिखाण 'इमर्जिंग' असणं ही काही धोक्याची घंटा नाही. त्यातून जुलैचं मूल. त्याच्या शेजारी बसणारी सप्टेंबरची मुलगी त्याच्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठी आहे, आणि या वयात वर्ष म्हणजे आयुष्याचा पाचवा हिस्सा. २०२४ साली देशभरात साधारण ६८ टक्के मुलांनी 'गुड लेव्हल ऑफ डेव्हलपमेंट', म्हणजे मुख्य उद्दिष्टांत 'एक्स्पेक्टेड', गाठली. म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा मुलं कुठे ना कुठे 'इमर्जिंग' घेऊनच इयर वनला जातात.

आता लिखाणाच्या उद्दिष्टात अपेक्षा काय, तर अक्षरं ओळखू येतील अशी आणि बरीचशी योग्य वळणाची, ऐकू येणारे आवाज ओळखून शब्द लिहिणं, आणि दुसऱ्याला वाचता येईल असं साधं वाक्य. स्पेलिंग बरोबर असण्याची अट नाही! 'पी-ए-के' लिहिणाऱ्या पोराने पार्क हा शब्द इंग्लंडच्या दक्षिणेत जसा ऐकू येतो तसा टिपलाय. आर तिथे बहुतेक लोक उच्चारतच नाहीत. चांदणी त्यासाठी होती.

गणितात दहापर्यंतच्या संख्या आतून-बाहेरून कळणं महत्त्वाचं. पाचपर्यंतच्या वस्तू न मोजता एका नजरेत ओळखणं, पाच म्हणजे चार आणि एक किंवा तीन आणि दोन हे न अडखळता सांगणं, दहाच्या काही जोड्या, दुप्पट, सम-विषम, समान वाटणी. तोंडी मोजणं वीसच्या पुढे. शंभरपर्यंत लिहिणं कुठेच नाही. आमच्याकडे शंभरपर्यंत घडाघडा म्हणणारी मुलं असतात, पण सात मणी समोर ठेवून "यात अजून किती घातले की दहा होतील?" विचारलं की पुन्हा एकपासून सुरुवात करतात.

आणि सुरवंट. हे मी मुद्दाम सांगते, कारण पालकांना तो टाइमपास वाटतो. मे महिन्यात बहुतेक शाळांत प्लास्टिकच्या पेल्यात पेंटेड लेडी जातीचे सुरवंट येतात, त्यांचं तपकिरी खाणं तळाशी असतं. ते फुगत जातात, मग वर चढून झाकणाला उलटे लटकतात, कोष करतात. कोष जाळीत हलवताना एखादा वळवळला की अख्खा वर्ग किंचाळतो. फुलपाखरू बाहेर आलं की जाळीवर लालभडक थेंब पडतात. मुलं हमखास म्हणतात, "मिस, रक्त!" रक्त नसतं ते. कोषात साठलेला टाकाऊ द्रव असतो. आता बघा: रोज निरीक्षण, आधी-मग-नंतर असा क्रम लावून सांगणं, 'क्रिसलिस'सारखा शब्द सहज तोंडी येणं, चित्राला नावं देणं, पंखांची दोन्ही बाजूंना सारखी नक्षी रंगवणं, शेवटी मैदानात सोडताना निरोपाचं वाक्य लिहिणं. सात विषयक्षेत्रांतली निम्म्याहून जास्त यात आली. तुमचा मुलगा "खेळलो" म्हणतो, कारण त्याच्या लेखी ते खेळणंच आहे. "काय केलंस" ऐवजी "सुरवंट केवढा झाला? लटकला का?" असं विचारून बघा.

तिरपागडा

चाफाताईंचं सगळं मान्य, पण थोडा विरोधी सूर. खेळ-बिळ ठीक आहे, इयर वनच्या जूनमध्ये फोनिक्स स्क्रीनिंग चेक असतो हे कुणी बोलत नाही. चाळीस शब्द, त्यातले निम्मे अर्थ नसलेले, परग्रहवासीयाचं चित्र असलेले. मूल एकेकटं टीचरसमोर बसून वाचतं. बहुतेक वर्षी ३२ ला पास. तिथे पाठांतर कामाला येत नाही, आवाज जोडूनच वाचावं लागतं. म्हणून समर टर्ममध्ये घरी रोज दहा मिनिटं वाचन हवंच. ट्यूशन नको, पण "शाळा बघून घेईल" हेही नको.

हिरवाचाफा

दहा मिनिटांना माझीही ना नाही. फक्त शाळेने दिलेलंच पुस्तक घ्या. ते मुलाला येणाऱ्या आवाजांपुरतंच लिहिलेलं असतं. या टर्मला सहसा फेज फोर चालू असतो, म्हणजे टेन्ट, फ्रॉग, जम्प असे जोडव्यंजनांचे शब्द. शिवाय सेड, वॉज, हॅव असे नुसते आवाज जोडून नीट वाचता न येणारे 'ट्रिकी' शब्द. शाळा कुठली पद्धत वापरते (लिटल वॉन्डल, रीड राइट इंक वगैरे) ते विचारा, कारण क्रम थोडा बदलतो.

एडिंबराची_थंडी

फक्त नोंद करून ठेवते: हे सगळं इंग्लंडचं. आमच्याकडे स्कॉटलंडात रिसेप्शन नाही, प्रायमरी वन असतं, ऑगस्टात सुरू होतं आणि अभ्यासक्रमही वेगळा. कुणी इथे वाचून घाबरू नये.

खटाटोप

फोनिक्सवर मी लिहितो, दोन पोरांचा अनुभव आहे. आपल्या लोकांचा घोळ एकाच ठिकाणी होतो. आपण 'एस फॉर सन' शिकवतो नाहीतर 'स' शिकवतो, आणि आपल्या 'स'मध्ये अ बसलेलाच असतो. मग मूल 'स-अ-न' जोडताना 'सअन' म्हणतं आणि अडकतं. शाळेला हवा असतो पाय मोडलेला स्. म्, न्, फ्, ल् हे लांबवता येतात, तसेच लांबवा: 'म्म्म्'. ब्, ट्, ड् लांबवता येत नाहीत, ते तोडून टाका, शेपटी लावू नका. पाय मोडणं आजोबांना समजावून सांगायची गरजच पडणार नाही. बाकी इंग्रज आईबापांना या एका गोष्टीसाठी शाळा वर्कशॉप घेते!

आणि वेंटच्या व्हीचं. मराठीत दोन्हींना आपण 'व'च म्हणतो, त्यामुळे पोराच्या कानात ते एकच आहेत. आरशासमोर उभं करा. व्हीला वरचे दात खालच्या ओठावर, डब्ल्यूला ओठांचा चंबू. व्हॅन, वेट, व्हेट, विंडो. माझ्या धाकट्याला ही आरशातली गंमतच वाटायची.

अजून एक: नाव सगळं कॅपिटलमध्ये लिहायला शिकवू नका. शाळेत पहिलंच अक्षर कॅपिटल, बाकी लहान. नंतर सवय मोडताना नाकी नऊ येतात.

बोर्डीकर_पोर

थोडं विषयांतर. नाशिकच्या सीनियर केजीशी तुलना करताना एवढं लक्षात ठेवा की मातीत खेळत शिकणं हे काही विलायतेतून आलेलं खूळ नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी बालवाडी सुरू केली, अनुताई वाघ सोबत होत्या, पुढे काम कोसबाडला गेलं. शंख, शिंपले, बिया, पानं, पाड्यावर मिळेल ते शिकवायचं साहित्य. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळा त्यांच्या अंगणात नेली. आपल्याकडेही २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ हा पायाभूत टप्पा खेळावर आधारलेला असावा असंच म्हटलंय. चार रेघी वही हा शाळांचा आणि पालकांच्या हौसेचा भाग, शास्त्राचा नाही. हे माझं मत, भांडायला तयार आहे.

तिरपागडा

भांडत नाही. पण हौस म्हणून सोडून देऊ नका, नाशिकला पहिलीत त्याच मुलाला चार विषयांच्या वह्या भरायच्या असतात. तिथल्या आईबापांचाही नाइलाज असतो.

सईची_आई

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! आज "सुरवंट लटकला का" विचारलं. उत्तर आलं: "आई, एक लटकला, एक पडला, मिसने त्याला टिशूवर ठेवलं, तो मेला नाहीये, तो फक्त खाली झोपलाय." एवढं सलग वाक्य शाळेबद्दल प्रथमच ऐकलं, आणि तेही मराठीत. टिशू आणि मिस सोडून.

त्यावरूनच पुन्हा विचारते, मराठीचं काय? आणि सासऱ्यांना सहा महिने कामाला कसं लावू? त्यांना शिकवायचंच आहे.

हिरवाचाफा

मराठी चालूच ठेवा, डोळे झाकून. ईवायएफएसच्या नियमांतच आहे की घरची भाषा इंग्रजी नसेल तर ती खेळात आणि शिकण्यात वापरायची संधी शाळेने द्यायला हवी. इंग्रजी पुरेसं येत नसेल तर मूल घरच्या भाषेत काय काय बोलतं हे टीचरने पालकांकडून समजून घ्यायचं असतं. म्हणजे तुम्ही वर लिहिलेलं सुरवंटाचं वाक्य टीचरला सांगा! क्रम, कारण, काळजी सगळं आहे त्यात. जो मराठीत नीट गोष्ट सांगतो, त्याला इंग्रजीत फक्त शब्द कमी पडतात. गोष्टीची बांधणी येतच असते.

आजोबांना गोष्टी द्या. झोपताना एक, आणि दुसऱ्या दिवशी नातवाने ती उलट त्यांना सांगायची. बियांच्या आठवड्यात शाळा बरणीत ओला कागद घालून घेवड्याचं बी लावते. तुम्ही घरी मटकीला मोड आणताच. त्याला फडकं बांधू द्या, रोज उघडून बघू द्या, मोड बोटाने मोजू द्या. वर्गात सांगायला त्याच्याकडे स्वतःचं काहीतरी असेल.

खटाटोप

आजोबांना सागरगोटे आणायला सांगा! पाच उधळायचे, दोन हातावर, तीन जमिनीवर. चाफाताई म्हणाल्या ते पाचाचे भाग हेच की. आणि लिखाण मागे असण्याचं कारण पुष्कळदा बोटांत ताकद नसणं हे असतं. वर्कबुक आणण्याआधी मटार सोलायला बसवा, कणकेचे गोळे करू द्या, कपड्यांचे चिमटे लावू द्या. शाळेत प्लेडो गाण्यावर दाबायला लावतात, त्याला 'डो डिस्को' म्हणतात, तेच हे. पेन्सिल धरून एका जागी अर्धा तास बसवणं मात्र टाळा, तिटकारा बसतो. वाणसामानाची यादी त्याला लिहू द्या, 'मिल्क'चं काहीही स्पेलिंग करू दे.

अंकलिपीही राहू द्या, पण वाचून दाखवायला. पाढे शाळेत इयर टूपासून सुरू होतात, त्याची घाई नाही. (सागरगोटे सईपासून लांब ठेवा, तोंडात घालण्याजोगा आकार आहे.)

सईची_आई

मटारची आयडिया सासऱ्यांना आत्ताच फोनवर सांगितली, म्हणाले, "म्हणजे मला कामाला लावताय." 😄

सईचं राहिलंच. तिला अक्षरं शिकवायला घेऊ का?

हिरवाचाफा

नको. नर्सरीत या टर्मला आवाज ऐकणं हीच फोनिक्सची पहिली पायरी. यमक, टाळ्या वाजवून शब्दाचे तुकडे, "स् ने सुरू होणारं काय दिसतंय?" हे पुरे. बडबडगीतं भरपूर म्हणा, मराठी चालतील. तिला स्वतःचं नाव पेगवर (कोट अडकवायच्या खुंटीवर) ओळखता यावं, कोट स्वतः घालता यावा (जमिनीवर उलटा पसरून, हात घालून डोक्यावरून मागे टाकतात, नर्सरीत हेच शिकवतात), टॉयलेटला जाऊन हात धुता यावेत, स्वतःचा नंबर येईपर्यंत थांबता यावं. तीन-चार वस्तू बोट लावून मोजल्या की झालं.

तिला अजून एक पूर्ण वर्ष नर्सरीचं आहे, कारण ती ऑक्टोबरची. यंदा तिच्या वर्गातली काही मुलं रिसेप्शनच्या भेटीला जातील, ती जाणार नाही. तेव्हा घरी थोडी कुरकुर होईल.

तिरपागडा

आणि एक कामाचं. त्याच शाळेच्या नर्सरीत आहे म्हणजे रिसेप्शनला आपोआप जागा मिळते असं नाही. कौन्सिलकडे वेगळा अर्ज करावा लागतो, मुदत १५ जानेवारी, निकाल १६ एप्रिलच्या सुमारास. भाऊ तिथे असल्याचा बऱ्याच शाळांत फायदा मिळतो, पण अर्जात तो रकाना भरावा लागतो. सप्टेंबरात कौन्सिलची साइट उघडते, तेव्हाच भरून टाका.

सईची_आई

हे माहीतच नव्हतं! कॅलेंडरमध्ये टाकलं. सगळ्यांचे आभार, जुलैचा रिपोर्ट आला की इथेच कळवते.